स्टॉकटनच्या हाय स्ट्रीटवर, एका बटणासाठी

डार्लिंग्टनला गाडी बदलताना कोटाचं मधलं बटण तुटलं आणि फलाटाच्या कडेवरून थेट रुळांत गेलं. ऑक्टोबर 2024 मधला बुधवार, ईशान्य इंग्लंडचा बोचरा वारा, आणि कोट नेमका छातीवर उघडा. थॉर्नबी स्टेशनवर ताई घ्यायला आली होती. ताई म्हणजे माझी मावसबहीण. 2003 मध्ये नर्स म्हणून इकडे आली आणि इथलीच झाली. गळाभेट झाल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल तर, "ताई, इथे बटणं कुठे मिळतात गं?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मी आले तेव्हा विचारलं असतंस तर चार दुकानं सांगितली असती. आज बुधवार आहे, बाजार असेल. चल, बघू."

स्टेशनपासून स्टॉकटन-ऑन-टीजचा हाय स्ट्रीट, म्हणजे गावाची मुख्य पेठ, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाटेत ऑफिसांच्या विटकरी इमारती लागतात. सप्टेंबर 1987 मध्ये याच भागात तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर हातात पर्स घेऊन ओसाड माळावरून चालल्या होत्या आणि तो फोटो देशभर गाजला होता. त्या माळावर आधी हेड राइटसन ही पोलादी कामांची मोठी कंपनी होती. ब्रिटनमधली दुकानं का बुडाली असं कुणालाही विचारलं की "ऑनलाइन" हे एका शब्दाचं उत्तर मिळतं. मला ते अपुरं वाटतं. पेठ चालते ती शुक्रवारी हातात पडणाऱ्या पगारावर. या खोऱ्यातले कारखाने एकेक करून गेले, 2015 मध्ये रेडकारचा पोलाद कारखानाही विझला. त्या पगारांवर चालणाऱ्या दुकानांना घरघर लागायला इंटरनेटची वाट बघावी लागली नाही.

व्हिक्टोरिया पूल ओलांडला, टीज नदी मागे पडली आणि समोर रस्ता उघडला. ब्रिटनमधला सर्वांत रुंद हाय स्ट्रीट अशी स्टॉकटनकर अभिमानाने ओळख सांगतात. बघितल्यावर ती पटते. रस्ता कसला, लांबट मैदानच. 1310 मध्ये डरहॅमच्या बिशपने इथे आठवडी बाजाराची सनद दिली, आणि बाजार मांडता यावा म्हणून रस्ता एवढा ऐसपैस राहिला. मधोमध अठराव्या शतकातलं छोटंसं टाउन हॉल उभं आहे, एखाद्या गावच्या चावडीसारखं. म्हणजे आधी बाजार आला, दुकानं त्याच्या कडेने नंतर उगवली. हा क्रम मला पुढे दिवसभर आठवत राहिला.

दुकानांकडे माझी नजर जरा जास्तच जाते. आमच्या बाबांचं कराडला मंडईजवळ कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, रिबिनी, दोऱ्याची रिळं, कंगवे, बटणं. त्यामुळे कुठल्याही गावी गेले की दुकानात गिऱ्हाईक किती आणि फळीवर माल किती हे मी नकळत मोजते. स्टॉकटनला मोजलं ते बंद गाळे. पहिल्या दहा मिनिटांत मोजणं थांबवलं. काचांवर आतून चिकटवलेले कागद, दाराखालून सरकवलेल्या टपालाचा ढीग, वर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी, आणि ती पाटीसुद्धा उन्हापावसाने फिकी पडलेली. उघडं काय होतं? व्हेपचं म्हणजे ई-सिगारेटचं दुकान, केस कापायचं, नखं रंगवायचं, सट्टा लावायचं, धर्मादाय संस्थेचं जुन्या कपड्यांचं. एका व्हेपच्या दुकानाचा उंबरठा मात्र मोझॅइकचा होता. बारीक पांढऱ्या-काळ्या तुकड्यांत कुणा जुन्या दुकानदाराचं आडनाव, पायांनी घासून अर्धं पुसलेलं. मी तिथे वाकून बघत राहिले. आपलं नाव दगडात बसवून घेणाऱ्या माणसाने आपण इथून जाऊ असा विचार केला नव्हता.

ताई चालता चालता दाखवत होती. "हे डेबनहॅम्स. इथून मी माझा पहिला हिवाळी कोट घेतला. कुठला घ्यावा कळत नव्हतं, तर काउंटरवरच्या बाईंनी माझ्या बाह्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, हा नको, आत स्वेटर मावायला हवं." डेबनहॅम्सचं मूळ 1778 पर्यंत जातं. स्टॉकटनची शाखा जानेवारी 2020 मध्ये बंद झाली, कोविडच्या टाळेबंदीआधीच. मे 2021 मध्ये देशातली शेवटची दुकानंही मिटली आणि नाव एका ऑनलाइन कंपनीकडे गेलं. मार्क्स अँड स्पेन्सरने इथलं दुकान 2018 मध्येच गुंडाळलं होतं. हीच ती कंपनी, जिची सुरुवात 1884 मध्ये लीड्सच्या बाजारात एका पेनीला वस्तू विकणाऱ्या ठेल्याने झाली.

वूलवर्थ्सचं नाव निघालं तेव्हा ताईचा आवाज बदलला. शाळा सुटल्यावर लेकीला तिथे न्यायची, कागदी पेल्यात सुट्या गोळ्या-चॉकलेटं निवडून भरायची, ती वजनावर मिळायची. नोव्हेंबर 2008 मध्ये, नाताळच्या तोंडावर, कंपनी बुडाली. 807 दुकानं, 27 हजारांच्या आसपास माणसं, आणि 6 जानेवारी 2009 पर्यंत सगळं संपलं. "शेवटी शेवटी फळ्यासुद्धा विकायला काढल्या होत्या," ताई म्हणाली. माझ्या पोटात कालवलं. दुकानाची फळी विकायला निघणं म्हणजे काय ते मी घरी पाहिलंय.

आता नदीच्या बाजूचं सांगते, कारण स्टॉकटनची खरी गोष्ट तिथे आहे. हाय स्ट्रीटची ती अख्खी बाजू मोकळी होती, पत्र्याचं कुंपण, आत यंत्रं, मातीचे ढिगारे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या जुन्या इमारती पाडून कॅसलगेट नावाचं मोठं काँक्रीटचं शॉपिंग सेंटर बांधलं गेलं. रस्ता आणि नदी यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. तेव्हा तेच नवं होतं: छप्पर, पार्किंग, एकाच ठिकाणी सगळं. पण त्याहून मोठं आमिष पुढे गावाबाहेर उभं राहिलं. 1981 मध्ये बंद पडलेल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, हमरस्त्याला लागून, टीजसाइड पार्क झालं. गाडी दारात लावा, पैसे नाहीत. मोठी नावं तिकडे गेली आणि गिऱ्हाईक त्यांच्यामागे गेलं. मग ऑनलाइन आलं. 2006 च्या सुमारास ब्रिटनच्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा जेमतेम 3 टक्के होता, जानेवारी 2021 च्या टाळेबंदीत तो 37 टक्क्यांच्या आसपास पोहोचला. नंतर खाली आला, पण पूर्वीच्या जागी परत गेला नाही.

2012 मध्ये सरकारने पडत्या पेठा सावरायला पहिली बारा गावं निवडली, त्यांत स्टॉकटन होतं. गावागणिक मिळाले साधारण एक लाख पौंड. एवढ्या पैशात झाडांच्या कुंड्या येतात, गाळ्यांची भाडी भागत नाहीत. शेवटी नगरपालिकेने 2019 मध्ये कॅसलगेट स्वतःच विकत घेतलं आणि 2022 पासून पाडायला घेतलं. दुकानांच्या जागी दुकानं नाहीत, तर नदीपर्यंत उतरत जाणारी बाग, ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या तिप्पट. उरलेली दुकानं दुसऱ्या बाजूला एकवटायची. आपल्या गावाला आता एवढ्या दुकानांची गरज नाही, हे मान्य करायला धैर्य लागतं, आणि स्टॉकटनने ते दाखवलं असं मला मनापासून वाटतं. ताईला तसं वाटत नाही. ती म्हणते, "बागेत मी काय विकत घेऊ? पावसात कुठे थांबू?"

दुकानदारांचं गाऱ्हाणं मात्र वेगळं असतं. आम्ही एका चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याकडे ताईचे बूट टाकायला थांबलो. पन्नाशी उलटलेला माणूस, हाताला पॉलिशचा वास. मी कराडच्या दुकानाचं बोलले तसा तो खुलला. म्हणाला, भाडं परवडेल एकवेळ, बिझनेस रेट्स मारतात. हा कर विक्रीवर नसतो, नफ्यावर नसतो, जागेच्या मानलेल्या भाड्यावर असतो. महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी भरायचाच. अगदी छोट्यांना सूट आहे, पण जरा मोठी जागा घेतली की ती जाते. धर्मादाय दुकानांना मात्र त्यात 80 टक्के माफी, म्हणून रिकाम्या गाळ्यांत तीच येतात. ऑनलाइनवाल्यांची गोदामं हमरस्त्याकडेच्या स्वस्त जमिनीवर, त्यांना विक्रीच्या मानाने हा भार हलका. शिवाय जुन्या भाडेकरारांत एक कलम हमखास असायचं: ठराविक वर्षांनी भाड्याचा फेरविचार होईल, पण भाडं फक्त वर जाईल, खाली कधीच नाही. आपल्याकडे पेठांमधल्या कितीतरी दुकानांना जुन्या पागडीने तारलं, मालकांनी त्यापायी कितीही बोटं मोडली तरी. इथे पेठ ओस पडत असताना भाडं चढत राहिलं.

"दुकान चालवणं म्हणजे काय माहितीये?" तो म्हणाला. "वाट बघत बसणं." बाबांचं सगळं आयुष्य त्या वाक्यात होतं. सकाळी भवानी होईपर्यंत चहा न घेणारे बाबा, दुपारी रस्ता सामसूम असतानाही गल्ल्यामागे ताठ बसलेले. एखादी बाई घाईघाईत सेफ्टी पिन मागायला आली तर दुकान उघडं असायला हवं, म्हणून दिवसभर बसायचं. त्या बसण्याची किंमत कुठल्याच पावतीवर लिहिलेली नसते.

याच रस्त्यावर 59 क्रमांकाच्या दुकानात जॉन वॉकर नावाचा औषधविक्रेता बसायचा. काडी घासून पेटवायची हा शोध त्याचा. रसायनं ढवळायच्या काडीच्या टोकाला सुकलेलं मिश्रण घासलं गेलं आणि पेट घेतला, अशी गोष्ट सांगतात. त्याने पेटंट घेतलंच नाही. मग हा मान त्याचा, हे जगाला कशावरून कळलं? त्याच्या वहीवरून. दुकानाच्या रोजकीर्दीत 7 एप्रिल 1827 च्या पानावर नोंद आहे, गावातल्याच हिक्सन नावाच्या वकिलाला आगकाड्या विकल्याची. आगपेटीच्या इतिहासाचा आधार म्हणजे एका दुकानदाराने गिऱ्हाईकाचं नाव लिहून ठेवलं, एवढाच. मी ताईला म्हटलं, बाबांच्या वह्यांतही अशी नावं आहेत. 'सरपंचांची सून, लाल रिबीन, दोन वार.'

बाजार टाउन हॉलच्या आसपास मांडला होता. पट्टेरी ताडपत्र्या, भाजी, मासे, मोबाइलची कव्हरं, एका गाडीवर पार्मोचा वास. पार्मो म्हणजे चिकनच्या तळलेल्या कापावर पांढरा सॉस आणि चीज, या भागाचा जीव की प्राण. गर्दी म्हणावी अशी नव्हती, पण लोक थांबून बोलत होते. काठी घेऊन आलेल्या एका आजोबांनी तीन बटाटे घेतले आणि भाजीवालीशी दहा मिनिटं पायाच्या दुखण्यावर बोलले. माझ्या डोळ्यांसमोर बँकांच्या बंद शाखा आल्या. 2015 पासून या देशात 6 हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या. आजोबांचं बँकेत जाणं सुटलं, लोखंडी सामानाच्या दुकानात जाणं सुटलं. 2023 मध्ये विल्कोची 400 दुकानं गेली, तिथे खिळे आणि बल्ब घ्यायला जाणंही सुटलं. उरले हे तीन बटाटे.

शेवटून दुसऱ्या ठेल्यावर चेन, इलॅस्टिक, लोकरीचे गुंडे, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या नळ्या. प्रत्येक नळीच्या टोपणावर आतल्या मालाचं एक बटण चिकटवलेलं. मी तिथेच उभी राहिले. बाबा खोक्यांच्या तोंडाला असंच एक बटण दोऱ्याने शिवून ठेवायचे, म्हणजे खोकं न उघडता कळतं.

ठेलेवाल्या बाई साठीच्या असतील, हातांत बोटं अर्धी कापलेले हातमोजे. त्यांनी कोटाचं खालचं बटण दोन बोटांत धरलं, उलटं केलं, मागची बाजू बघितली. निळं, चार भोकांचं, कडेला बारीक खाच. एक नळी काढली, ठेवली. दुसरी काढली, दिव्याखाली धरली. "जवळचं आहे, पण तुम्हाला कळेल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चालेल हे. त्यांनी मान हलवली. घरी अजून दोन डबे आहेत, त्यांत नक्की असेल, शनिवारच्या बाजाराला घेऊन येते. मी शुक्रवारी निघणार होते. ताई म्हणाली, "मी येईन शनिवारी."

बाईंनी गल्ल्याच्या डब्याखालून एक वही ओढली. कडा मळलेल्या, मधे रबर. माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मधुरा, निळा कोट, एक बटण, शनिवार.