पिशवीतली काठी

पांढरी काठी विकत घेतली आणि दीड वर्ष घडी करून पिशवीतच ठेवली. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं. आता नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. शनिपाराहून तुळशीबागेकडे जाताना उभ्या स्कूटरचं हँडल बरगडीत बसायचं. "बाई, दिसत नाही का?" असं कुणी म्हटलं की मी गप्प.

समुपदेशक ताईंनी एक फरक समजावला. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी ताणाला तोंड द्यायच्या दोन तऱ्हा सांगितल्या: परिस्थितीवरच उपाय करायचा, किंवा तिच्यामुळे मनात जे उठतं ते सांभाळायचं. जे बदलता येतं त्यावर उपाय करायचा, जे बदलता येत नाही तिथे मन सांभाळायचं. माझं नेमकं उलटं चाललं होतं. डोळे बरे करणारा डॉक्टर शोधण्यात 3 वर्षं गेली, आणि काठी, जी लगेच हातात येऊ शकत होती, तिच्यापायी रडत बसले.

मग वाटणी केली. दुपारच्या चहानंतर 15 मिनिटं रडायची, गॅलरीत, दार लावून. आई तेव्हा हाक मारत नाही. (कधी कधी ती शेजारी बसायला हवी असते, पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.) बाकी दिवस कामाचा. फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, शिकले, डब्यांवर जाड काळ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या, जिरं-ओवा वासावर ओळखायला लागले.

काठी पहिल्यांदा उघडली ती मंडईत. भाजीवाल्या मावशींनी टोपली मागे ओढून वाट केली आणि विचारलं, "मेथी देऊ का?"

दोन जुड्या घेतल्या.