तुम्ही विचारलंत म्हणून: छत्र्या घेतल्या की नाही?

तमिळनाडूतल्या तूतीकोरिन बंदराच्या स्वदेशी आगबोटींविषयी कुठेही बोललो की चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच, "लोकांनी छत्र्या घेतल्या की नाही, ते एकदा सांगून टाका." दर वेळी मी हसून विषय बदलतो. आज नाही बदलत.

छत्री म्हणजे तीच. तिथले वकील आणि स्वदेशी चळवळीचे पुढारी चिदंबरम पिल्ले यांनी 1906 साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, कोलंबोला बोटी सोडल्या. ब्रिटिश इंडिया या गोऱ्यांच्या आगबोट कंपनीने भाडं रुपयावर आणलं. पिल्ले आठ आण्यांवर आले. मग गोऱ्यांनी प्रवास फुकट केला, वर एकेक छत्री भेट, असं सांगतात. पुढचं दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत लोक फुकट बोटीकडे फिरकलेच नाहीत. दुसरीत 'गालिया' आणि 'लावो' या स्वदेशी बोटी जवळजवळ रिकाम्या धावल्या.

मी पहिली तऱ्हा सांगायचो. सांगायचो कसला, रंगवायचो. पुण्यातल्या एका व्याख्यानात "लोकांनी छत्र्या धक्क्यावरून समुद्रात भिरकावल्या" असं ठोकून दिलं. कुठे वाचलं नव्हतं. टाळ्या पडतील एवढं ठाऊक होतं, पडल्याही.

मागच्या रांगेतून सत्तरीच्या एक बाई उठल्या. माहेर तिकडचं, मराठी अस्खलित. "भिरकावल्या नाहीत हो. आमच्या पणजोबांनी घेतली होती. कोलंबोला दुकानात नोकर होते ते. मोडक्या काड्यांची ती छत्री माझ्या लहानपणीही माळ्यावर होती. आठ आणे वाचत असतील तर गरिबाने वाचवू नयेत?" मी म्हणालो, "ताई, हा भाग तसा दंतकथेचाच." दंतकथा! पाच मिनिटांपूर्वी मीच रचलेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि धक्क्याला बोट लागतच नसे. पाणी उथळ. होडीने काही मैल बाहेर जावं लागे." त्याच बंदरात अकरा वर्षं मी मालाच्या कागदांवर शिक्के मारले होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चहाला थांबलो नाही.

पण माझीही बाजू आहे. पिल्ले जहाजांसाठी मुंबईला आले ते जहाज मिळालं तरच परतेन असं बोलून. आपल्याकडे नौवहन दिन मात्र 1919 साली मुंबईहून लंडनला निघालेल्या 'लॉयल्टी' बोटीचा. अशा वेळी जरा चढ्या आवाजात सांगावंसं वाटणारच. शिवाय 12 मार्च 1908ला त्यांना पकडलं आणि दुसऱ्या दिवशी जवळचं तिरुनेलवेली शहर पेटलं, गोळीबारात चार माणसं गेली. त्या गर्दीत छत्री घेतलेलाही कुणी नसेल कशावरून?

पळवाट, पूर्वीचा मी म्हणाला असता. असेलही. पण त्या शहाण्याला मला विचारायचंय: कंपनी बुडाली ती छत्र्यांनी, की त्याच वर्षी 7 जुलैला पिल्ल्यांना झालेल्या दोन जन्मठेपांनी? टिळकांना सहा वर्षं ठोठावली त्याच्या पंधरा दिवस आधीची ही गोष्ट. शिक्षा पुढे कमी झाली, तरी तुरुंगात पिल्ले तेलाचा घाणा ओढत होते आणि इकडे 1911 साली कंपनी मोडीत निघाली. भागधारकांनी काय करायला हवं होतं? कधी त्यांचा राग येतो, कधी आपण तरी काय केलं असतं असं वाटतं.

तेव्हा छत्र्या घेतल्या का? एकाने तरी घेतली. ती काळी होती की रंगीत, तेवढं तरी बाईंना विचारायला हवं होतं.