तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतर करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला एकच शब्द हवा असतो. तसा शब्द नाही. आधी ‘चार्ज’च्या शेजारचा छोटा शब्द पाहा. ‘ऑन’ असेल तर बहुधा बोजा, ‘विथ’ असेल तर आरोप, ‘फॉर’ असेल तर पैसे, ‘इन चार्ज ऑफ’ असेल तर कार्यभार.

यांतला ‘बोजा’ मुळाच्या सर्वांत जवळचा. लॅटिन ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. तिच्यात माल लादण्याचं क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा चढतो तो हाच बोजा. कर्ज फिटलं की तो आपोआप उतरेल असं धरून चालू नका. बँकेचा बेबाकी (येणं बाकी नसल्याचा) दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या आणि फेरफार मंजूर झाल्याची खात्री करा. अशा कागदात ‘बँकेचे शुल्क’ लिहिलं, तर जमीन घेणाऱ्याला ती किरकोळ फी वाटेल. ‘गहाण’ही नको: १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम ५८मध्ये आहे, चार्ज कलम १००मध्ये.

कोर्टाच्या बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. पोलिस दाखल करतात ते दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट. आरोप निश्चित करतं न्यायालय, तेही नंतर. दोन्हींना ‘आरोप ठेवले’ म्हटलं की खटला कुठवर आलाय तेच कळत नाही. ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला उभा राहण्याआधीच दोषमुक्ती. ‘निर्दोष मुक्तता’ खटला चालल्यावरची.

वीजबिलावर मात्र महावितरणने नेमके शब्द रुळवलेत: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. त्याच बिलावरचं ‘वीज शुल्क’ हा सरकारचा कर, आणि ‘मंजूर भार’ म्हणजे लोड. तेव्हा तिथे चार्जला ‘शुल्क’ही नको नि ‘भार’ही नको.

विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो, आणि शाळेच्या कार्यालयात प्रभारी मुख्याध्यापक. चालतं, गल्लत कोणी करत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात ‘दत्तमत’ (मतदानाने मंजूर) खर्चाशेजारी ‘भारित’ (चार्ज्ड) खर्च दिसेल: राज्यपालांचं किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, ज्यावर विधानसभेत मतदान होत नाही. लाठीचार्जला लाठीमार आहेच.

मोबाइल मात्र चार्जच करा. ‘प्रभारित’ करायला सांगितलंत, तर घरचे आधी तुमच्याकडे बघतील.