शटरची केबल आईच्या हातात

रिनेके डाइकस्ट्रा या डच फोटोग्राफरनं १९९४ मध्ये तीन बाळंतिणींचे फोटो काढले. ज्यूलीला बाळंत होऊन जेमतेम तास झालाय, टेक्लाला एक दिवस, सास्कियाला आठवडा. तिघी कोऱ्या भिंतीपुढे उभ्या आहेत. अंगावर जवळजवळ काही नाही, बाळ छातीशी घट्ट धरलंय. टेक्लाच्या पायावरून रक्ताचा बारीक ओघळ खाली आलाय. सास्कियाच्या पोटावर सिझेरियनचा व्रण दिसतो.

नव्या आईचा फोटो म्हटलं की मऊ उजेड, पांढरी चादर आणि बाळाकडे झुकलेली नजर हे ठरलेलंच. या तिघी मात्र थेट आपल्याकडे बघतात. दमल्या आहेत, थोड्या गोंधळल्या आहेत, आणि बाळाला कुणी हात लावून दाखवावा अशा उभ्या आहेत. या फोटोंना लोक धाडसी म्हणतात. मला ते अचूक वाटतात. डाइकस्ट्रा तिपाईवर ठेवलेला चार बाय पाच इंचांचा मोठा कॅमेरा वापरते. त्यात प्रत्येक फोटोसाठी फिल्मचा वेगळा तुकडा घालावा लागतो, फोकस जुळवावा लागतो, आणि समोरच्या माणसाला तेवढा वेळ उभं राहावं लागतं. अशा कॅमेऱ्यानं कुणाचा चोरून फोटो घेता येत नाही. समोरची बाई तिथे उभी आहे, कारण ती उभी राहायला तयार झालीय.

बाई कॅमेऱ्यामागे गेली की नजर आपोआप बदलते, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. स्त्री फोटोग्राफरच "पोट आत घे, हनुवटी जरा खाली, खांदा पुढे" असं सांगताना मी ऐकलंय. आपण सगळ्याच त्याच मासिकांवर आणि त्याच जाहिरातींवर वाढलोय, मग डोळा वेगळा कुठून येणार? फरक पडतो तो निर्णय कुणाकडे आहेत यानं. कधी काढायचा, कुठे काढायचा, काय दिसू द्यायचं, आणि काढलेल्यातला कुठला ठेवायचा.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते शीबा छाछींच्या कामातून. १९८०च्या दशकात दिल्लीत हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होते. छाछी स्वतः त्या चळवळीत होत्या आणि फोटोही काढत होत्या. उगारलेली मूठ, घोषणा देणारं तोंड. चळवळीला अशा फोटोंची गरज असतेच. पण मुठीमागची बाई त्यांत मावत नाही. मग त्या चळवळीतल्याच सात जणींकडे पुन्हा गेल्या आणि त्यांना विचारलं, तुझा फोटो कसा व्हावा? जागा त्या बायकांनी निवडली, बसायचं कसं ते त्यांनी ठरवलं, सोबत कुठल्या वस्तू हव्यात तेही त्यांनीच. 'सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम' या मालिकेत मोर्चातले फोटो आणि हे ठरवून केलेले फोटो एकत्र आहेत. दोन्ही खरे आहेत, पण मी रेंगाळते ती दुसऱ्या प्रकारापाशी.

जो स्पेन्सबद्दल लिहिताना मला स्वतःला आवरावं लागतं. ही ब्रिटिश बाई आधी लग्नाचे आणि कुटुंबांचे फोटो काढणारा स्टुडिओ चालवायची. म्हणजे हसरी, सुखी घरं कशी तयार करतात हे तिला आतून माहीत होतं. १९८२ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. शस्त्रक्रियेच्या आधी तिनं आपला सहकारी टेरी डेनेट याच्या मदतीनं एक फोटो केला. त्यात तिच्या उघड्या स्तनावर पेनानं लिहिलंय, 'ही जो स्पेन्सची मालमत्ता?' ते प्रश्नचिन्ह मला सुटत नाही. नुसतं 'माझी मालमत्ता' लिहिलं असतं तर घोषणा झाली असती. प्रश्नचिन्हामुळे तो प्रश्न डॉक्टरांना जातो, नवऱ्याला जातो, जाहिरातवाल्यांना जातो आणि तिच्याकडेही परत येतो. तपासणीच्या टेबलावर पडलेल्या कुठल्याही बाईला तो कळेल. पुढे रोझी मार्टिनबरोबर तिनं फोटोथेरपी नावाची पद्धत उभी केली. दोघी आळीपाळीनं कॅमेऱ्यापुढे यायच्या, आपल्या आयुष्यातली माणसं आणि प्रसंग वठवायच्या, आणि काय दाखवायचं ते कॅमेऱ्यापुढे असलेली ठरवायची.

अमेरिकन फोटोग्राफर नॅन गोल्डिनचा स्वतःचाच १९८४चा फोटो अनेकांनी पाहिला असेल. प्रियकरानं मारहाण केल्यावर महिन्याभरानं काढलेला. डोळा लालभडक, आणि ओठांवर तितकीच लाल लिपस्टिक. त्या लिपस्टिकबद्दल कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. मार खाल्लेल्या बाईनं नटू नये असा नियम आहे का?

आणि मग फोटोग्राफर लाटोया रूबी फ्रेझियर. अमेरिकेतल्या ब्रॅडॉक या पोलाद कारखान्याच्या गावात ती वाढली. २००१ पासून २०१४ पर्यंत तिनं आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांचे कृष्णधवल फोटो काढले. कारखान्याचं गाव ओस पडत जाणं आणि या बायकांची आजारपणं एकाच गोष्टीत येतात. २००८च्या एका फोटोत आईचा चेहरा बाजूनं दिसतो, आणि त्यामागे समोर बघणाऱ्या मुलीचा चेहरा अर्धा झाकला गेलाय. दोघींचा मिळून एक चेहरा होतो, तरी कोण कुठली ते कळतं. शिवाय आई इथे केवळ विषय नाही, ती या कामात भागीदार आहे. काही फोटो तिनं काढलेत.

हे वाचल्यावर मी माझ्या आईला विचारलं, आपणही असे फोटो काढूया का? माझ्या आईला फोटो आवडत नाहीत. घरच्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी मागे असते, नाहीतर दंड झाकत असते. मी कॅमेरा तिपाईवर लावला, ५० मिलिमीटरची लेन्स, खिडकीचा आडवा उजेड, आणि शटरची केबल तिच्या हातात दिली. अट एकच होती: काढलेल्यातले कुठलेही फोटो तिनं सांगितले की जातील, कारण विचारायचं नाही. ती बराच वेळ केबलचं बटण नुसतं चाचपत बसली. मग म्हणाली, "तू का तिकडे उभी? इकडे येऊन बस." मी बसले. तिनं बटण दाबलं तेव्हा मी तिच्याकडे बघत होते आणि ती कॅमेऱ्याकडे.

नंतर फोटो बघताना मला आवडलेले बहुतेक तिनं काढून टाकले. ज्यात तिच्या मानेवर सुंदर उजेड होता, तो गेला. ठेवला तो जरा हललेला, दोघी हसतोय असा. तो मला आधी काहीच खास वाटला नव्हता. आता मी तो मोठ्या आकारात छापायला दिलाय.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. तिला एका फोटोतलं पोट संगणकावर कमी करून हवंय. मी पोट कमी करणार नाही. या पोटाची लाज वाटावी असं कुणीतरी तिला आयुष्यभर शिकवलंय, त्यात माझ्या हातानं भर घालायची नाही. ती म्हणते, "माझा फोटो आहे ना? मग मी सांगेन तसा कर." आणि वर मी निर्णयाबद्दल एवढं लिहिलंय ते सगळं तिच्या बाजूनं जातं. तोडगा एवढाच निघालाय की तो फोटो आम्ही पुन्हा काढू, तिला पटेल त्या उजेडात, ती म्हणेल त्या बाजूनं, केबल तिच्याच हातात. सध्याचा कुठलाच फोटो इथे टाकलेला नाही, कारण ती अजून हो म्हणालेली नाही.