फवारणीत आधी हात झाका, मग नाक

मी फवारणी करणाऱ्या मजुरांना आणि त्यांच्या घरच्यांना सुरक्षेचं शिकवते. सुरुवातीला विचारते, फवारायला जाताना अंगावर काय घालता? उत्तर बहुतेक वेळा एकच, "तोंडाला रुमाल बांधतो." हातमोज्यांचं नाव क्वचितच निघतं. वास नाकाला येतो, म्हणून भीतीही नाकाचीच वाटते. पण उघड्या शेतात पाठीवरच्या पंपाने फवारताना अंगात जाणाऱ्या औषधाचा मोठा वाटा कातडीतून जातो. नुसतं सांगून हे कुणाला पटत नाही, म्हणून मी दिव्याचा प्रयोग करून दाखवते.

पंपात औषधाऐवजी पाणी भरायचं आणि त्यात एक निरुपद्रवी रंग मिसळायचा. साध्या उजेडात तो दिसत नाही, अतिनील दिव्याखाली मात्र लख्ख चमकतो. फवारणी रोजच्यासारखी करायला सांगायची आणि मग सगळ्यांनी अंधाऱ्या खोलीत जायचं. रिचर्ड फेन्स्के या संशोधकाने १९८० च्या दशकात असाच चमकणारा रंग वापरून कातडीवर बसलेलं औषध मोजण्याची पद्धत विकसित केली. आम्ही मोजत नाही, फक्त बघतो. दिवा फिरवला की बोटांची पेरं उजळतात, मनगटाभोवती कडं दिसतं. टाकीचं झाकण नीट बसलेलं नसेल तर पाठीवरून कमरेपर्यंत ओघळ उतरलेले असतात. मानेवर, कानामागे ठिपके. फवारलेल्या ओळीतून पुढे चालत गेलेल्याच्या मांड्या भरलेल्या. मग दिवा मोबाइलवर धरायचा, पाण्याच्या बाटलीच्या बुचावर धरायचा, पँटच्या चेनवर धरायचा. तिथे खोली शांत होते.

त्या चेनबद्दल मी आडपडदा न ठेवता बोलते. शरीरावरची सगळी कातडी सारखी नसते. हॉवर्ड मायबाख आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली माणसांवर पॅराथिऑन आणि मॅलाथिऑन या कीटकनाशकांचा अभ्यास करून शरीराच्या कोणत्या भागातून किती शोषलं जातं ते तपासलं. कोपर ते मनगट या भागातून जेवढं पॅराथिऑन आत जातं, त्याच्या सुमारे चौपट कपाळातून जातं आणि जवळपास बारापट अंडकोशाच्या कातडीतून. म्हणून लघवीला जाण्याआधी हात साबणाने धुवायचे. नंतर धुऊन काय उपयोग? हे सांगताना पुरुष मंडळी खाली बघतात. बघू देत, मी सांगायचं सोडत नाही.

सगळ्यात धोक्याची वेळ फवारणीची नाही, औषध कालवण्याची. लेबलवर लिटरला दोन मिली लिहिलं असेल, तर बाटलीतलं औषध टाकीतल्या द्रावणापेक्षा पाचशे पट तीव्र असतं. बोटावर सांडलेला बाटलीतला एक थेंब म्हणजे द्रावणाचे पाचशे थेंब. आणि नेमकं तेच काम लोक उघड्या हाताने, घाईत, कधी कधी हातानेच ढवळून करतात. कालवताना हातमोजे, पुढून रबरी किंवा प्लास्टिकचा ॲप्रन आणि डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद गॉगल किंवा तोंडभर पारदर्शक शील्ड हवीच. ओतताना बाटली डोळ्यांच्या पातळीखाली धरायची, वाऱ्याकडे पाठ नको, वारा बाजूने येऊ द्यायचा.

हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे रसायनांना टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे घ्या, आतून अस्तर नसलेले. सुती आणि चामड्याचे मोजे औषध शोषून घेतात आणि तासन्‌तास हाताला चिकटवून ठेवतात. तसल्या मोज्यांपेक्षा उघडा, वारंवार धुतलेला हात बरा. डॉक्टर वापरतात ते पातळ मोजे लगेच फाटतात. फवारणीच्या हातमोज्यांसाठी २०१९ पासून आयएसओ १८८८९ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कमी धोक्याच्या कामाला जी-१ आणि जास्त धोक्याच्या कामाला जी-२ असे वर्ग आहेत, विकत घेताना ती खूण बघा. रोज वापरण्याआधी मोज्यात पाणी भरून पिळून बघा. बोटाच्या टोकाला थेंब आला तर तो मोजा बाद. पीक कमरेखाली असेल तर बाही मोज्यावरून घ्या. फांद्या डोक्यावर असतील तर मोजा बाहीवरून घेऊन त्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे जात नाही.

काढण्याची रीत मी करून घेते, नुसती सांगत नाही. मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे. मग गॉगल, ॲप्रन, बूट काढायचे, मोजे पुन्हा धुवायचे आणि शेवटी एकेक बोट थोडं थोडं सैल करत दोन्ही मोजे बरोबरच उतरवायचे. एक आधी पूर्ण काढला, तर दुसरा उघड्या हाताने ओढावा लागतो.

पायात रबरी गमबूट, पँट बुटाच्या बाहेरून. चामड्याचे बूट नकोत. पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाठीवर पंप असेल तर पाठीमागे प्लास्टिकचा तुकडा बांधा. पण त्याही आधी टाकीची गळती थांबवा. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकायचा नाही, जुना टूथब्रश जवळ ठेवा.

मास्क लागतोच, विशेषतः भुकटी हाताळताना, बंदिस्त जागेत आणि लेबलवर सांगितलं असेल तिथे. मात्र रुमाल ओला झाला की तोच औषध तोंडाशी धरून ठेवतो. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो फवारणीचे कपडे धुणाऱ्या बाईत. ती शेतात गेलेली नसते, तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि ते कपडे पोराच्या झबल्यांबरोबर एका बादलीत जातात. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, हातमोजे घालून वेगळे धुवा, शक्य तितकं गरम पाणी आणि भरपूर डिटर्जंट वापरा, दोनदा धुवा, उन्हात वाळवा. बाटलीतलं औषध थेट सांडून भिजलेला कपडा धुवत बसू नका, टाकून द्या.

उकाडा मी नाकारत नाही. जाड प्लास्टिकचा पूर्ण सूट घालून भर उन्हात काम करायला लावणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. सकाळी लवकर फवारा, सावलीत थांबा, हात-तोंड धुऊन पाणी प्या. ही जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे. मोजे, गॉगल, साबण, पाणी आणि विश्रांतीचा वेळ त्याने द्यायचा. कमी विषारी औषध चालत असेल, किंवा त्या दिवशी फवारणीची गरजच नसेल, तर तो निर्णय सगळ्या मोज्यांच्या आधी येतो, आणि तोही मजुराच्या नाही, मालकाच्याच हातात असतो.

डोकेदुखी, मळमळ, घाम उन्हानेही होतो आणि ऑर्गनोफॉस्फेट (पॅराथिऑन, मॅलाथिऑन ज्यात येतात तो कीटकनाशकांचा गट) विषबाधेनेही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ आणि डोळ्यांतून पाणी गळणं, स्नायू फडफडणं दिसलं तर विषबाधाच समजून धावा. नुसती शंका आली तरी काम थांबवा, स्वतः मोजे घालून त्या माणसाचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. उलटी मुद्दाम करवू नका. आणि दवाखान्यात निघताना बाटलीचं लेबल किंवा त्याचा स्पष्ट फोटो बरोबर घ्या, कारण औषध कोणतं त्यावर उपचार ठरतात.