तुम्ही विचारलेत म्हणून : मोठ्या माणसाला किती दिवसांत वाचता येते?

प्रौढांना वाचायला शिकवण्याचे काम मी गेली नऊ वर्षे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, विनामोबदला करते आहे. हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : एवढ्या वयाच्या माणसाला वाचता यायला किती दिवस लागतात? विचारणाऱ्यांत स्वतः शिकवू इच्छिणारे असतात, तसेच आपल्या आईला किंवा सासऱ्यांना शिकवायला बसावे का, अशा विचारात असलेलेही असतात. पूर्वी मी "माणसागणिक वेगळे" एवढेच सांगत असे. ते खोटे नव्हते, पण विचारणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नसे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

अक्षरे यायला फार दिवस लागत नाहीत. मोठ्या माणसाजवळ भाषा तयार असते, शब्दांचा मोठा साठा असतो, आणि त्याला फक्त त्या साठ्याची कागदावरची खूण ओळखायची असते. ब्राझीलमधल्या आंजिकोस या गावी १९६३ साली तिथले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० मजुरांसाठी ४० तासांचा अभ्यासक्रम राबवला, तो याच भरवशावर. शिकणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द घ्यायचा, त्यावर गप्पा मारायच्या आणि मग तो फोडायचा, अशी त्यांची पद्धत होती. उदाहरणार्थ 'तिजोलो', म्हणजे वीट, हा शब्द घेतला की त्यातल्या 'ति'वरून ता, ते, ति, तो, तु असे सगळे कुटुंब समोर मांडायचे आणि त्यांतून नवे शब्द जुळवायला सांगायचे. आपल्या बाराखडीत हे कुटुंब आधीच मांडून ठेवलेले आहे, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या माणसाला मराठी शिकवताना हा टप्पा माझ्या अनुभवात तीन-चार महिन्यांत पार पडतो.

चाळीस तासांचा आकडा ऐकून उत्साहाने आलेले स्वयंसेवक मात्र नेमके याच सुमारास खचतात, कारण अक्षरे जुळवता येणे आणि वाचता येणे यांत बरेच अंतर आहे.

हे अंतर मला एका मावशींनी दाखवले. त्या साठीच्या होत्या आणि सगळी अक्षरे त्यांना येत होती. "अर्ज भरण्याची शेवटची तारीख पुढे ढकलली आहे" हे वाक्य मी त्यांच्यासमोर ठेवले. 'अर्ज'पाशीच त्या थांबल्या, कारण रफार दिसतो 'ज'च्या डोक्यावर आणि म्हणायचा असतो 'ज'च्या आधी. 'शेवटची' पार करताना बोट कागदावर इतके दाबले गेले होते की नखाची कड पांढरी पडली होती. पहिल्या वेलांटीचेही असेच होते. ती लिहिलेली असते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची असते नंतर, आणि डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे जाणारे बोट तिथे हमखास अडते. वाक्य संपले, एकही चूक झाली नव्हती, आणि मावशींनी वर बघून मला विचारले, "कशाची तारीख, बाई?"

त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती. पण ऐकलेले किंवा वाचलेले शब्द मनात काही सेकंदच ताजे राहतात, आणि एकेक अक्षर लावत शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचेतो पहिला शब्द पुसून गेलेला असतो. त्यातून मी त्या वेळी प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारत असे, म्हणजे मुळात तुटणारा धागा मीच आणखी तोडत होते. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या दोन-तीन वर्षांत जे मध्येच सोडून गेले, त्यांतल्या काहींना मी थांबवू शकले असते. आता मी आधी पूर्ण ओळ स्वतः वाचते, मग आम्ही दोघी मिळून वाचतो, मग त्या एकट्या वाचतात, आणि तोच परिच्छेद चार-चार दिवस चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते रटाळ वाटते. शिकणाऱ्याला तसे वाटत नाही, कारण चौथ्या दिवशी त्याला त्याच ओळीचा अर्थ पहिल्यांदा लागलेला असतो.

युनेस्कोने १९५८ साली साक्षर कोणाला म्हणावे हे ठरवताना, रोजच्या जगण्याविषयीचे छोटे, साधे विधान समजून वाचता आणि लिहिता येणे, अशी अट घातली होती. त्यातला 'समजून' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सही करता आली की साक्षर मानणाऱ्या सगळ्यांनी तो पुन्हा वाचावा असेही वाटते.

एक सूचना जाता जाता. शिकणारा चाळिशीपुढचा असेल तर पहिल्या पाठाआधी डोळे तपासून घ्या. अक्षरे डोक्यात राहत नाहीत म्हणून स्वतःला दोष देणारी माणसे मी पाहिली आहेत; चष्मा लागल्यावर त्यांची अर्धी अडचण संपली.

इंग्रजी शिकायला येणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि त्यांत दोन प्रकार आहेत. ज्याला स्वतःच्या भाषेत वाचता येते, त्याला छापील खुणेतून आवाज आणि आवाजातून अर्थ काढण्याची सवय असते आणि ती त्याच्यासोबत इंग्रजीत येते. ज्याला कोणतीच भाषा वाचता येत नाही, त्याच्याशी मी आधी बरेच दिवस नुसते इंग्रजी बोलते. मराठीत एखादा शब्द जुळवता जुळवता तो ओळखीचा निघाला की चेहरा खुलतो. इंग्रजीत तो जुळवला तरी कानाने कधी ऐकलेलाच नसेल, तर चेहरा कोराच राहतो. त्यात 'थ्रू', 'टफ' आणि 'दो' या तिन्ही शब्दांच्या शेवटी ओ, यू, जी, एच हीच चार अक्षरे येतात, तेव्हा शिकणारा माझ्याकडे नियम मागतो. असे शब्द चेहऱ्याने ओळखायचे, एवढेच मी सांगू शकते. शक्य असेल तिथे आधी मातृभाषेत वाचायला शिकावे, असा माझा आग्रह असतो. त्यात वेळ वाया जात नाही.

तर किती दिवस? आठवड्याला तीन तास आणि घरी रोज थोडा सराव धरला, तर मातृभाषेत न अडखळता, समजून वाचायला माझ्याकडच्या बहुतेकांना दीड ते दोन वर्षे लागली. मावशींना चौदा महिने लागले. एकदा त्यांच्या हातात एक सूचनापत्र होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. मी काही विचारणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावरच माझ्याकडे पाहिले.

म्हणून स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्यांकडून मी पहिल्याच भेटीत किमान एका वर्षाचा शब्द घेते. ज्यांना तो देता येत नाही, त्यांनी घरातल्याच शिकणाऱ्या माणसाजवळ रोज पंधरा मिनिटे बसावे आणि एकच परिच्छेद दोनदा वाचावा : आधी तुम्ही, मग त्यांनी, मध्ये न थांबवता.