एसटीडी बूथ ते फायबर : आमची वाटचाल

विट्याच्या एसटी स्टँडसमोर 1992 साली आमचा एसटीडी बूथ सुरू झाला; एसटीडी म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन लावायची सोय. पिवळी पाटी, काचेची केबिन आणि मीटर. मीटरचा लाल आकडा सरकला की बोलणाऱ्याची घाई वाढायची. रात्री अकरानंतर पाव दर, त्यामुळे खरी गर्दी तेव्हाच. आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली. लेकाचा आवाज ऐकायला आलेल्या आया तास-दोन तास बाकावर बसून राहायच्या.

त्याआधी ट्रंक कॉल लावून ऑपरेटरची वाट बघावी लागे. देशात पहिली एसटीडी 1960 साली कानपूर-लखनौ सुरू झाली, पण आमच्यासारख्या गावांना खरा हात दिला तो 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने. धुळीत, उकाड्यात, एसीशिवाय चालणारी छोटी टेलिफोन एक्सचेंज (फोन एकमेकांना जोडणारी केंद्रं) त्यांनी बनवली. त्याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

2003 साली मोबाइलला इनकमिंग फुकट झालं आणि बघता बघता बाक रिकामा पडला. केबिन विकली, एका ठेकेदाराच्या हाताखाली तांब्याच्या केबलचे जॉइंट मारायला शिकलो. नेटवर्क म्हणजे काय, ते तिथे खड्ड्यात बसून कळलं. बूथवरून बोलताना या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट तुमच्या एकट्यासाठी अडवलेली असे, तुम्ही गप्प राहिलात तरी. इंटरनेटवर बोलण्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि एकाच वाटेवरून हजारोंचे तुकडे धावतात. पुढचा धंदा यातच आहे हे पटलं आणि 2015 साली कर्ज काढून फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार, टाकली.

फायबरचा गाभा 9 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काचेच्या कवचासकट 125. सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने सरळ कापायचं; मग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर आली की ठिणगीने काच वितळून एक होते. स्क्रीनवर 0.02 डीबी लॉस, म्हणजे जॉइंटमध्ये सिग्नलची तेवढीच घट, आला तर ठीक. 0.1 आला तर मी पोरांना तोडून पुन्हा करायला लावतो. एका जॉइंटने काही बिघडत नाही, पण असे आठ-दहा साठले की शेवटच्या घराचा सिग्नल पडतो.

2019 च्या महापुरात भिलवडीकडच्या आमच्या लाइनी पाण्याखाली गेल्या. तांबं असतं तर जॉइंटमध्ये पाणी शिरून नुसती खरखर ऐकू आली असती. फायबर बुडूनही शाबूत राहिली, पण घरोघरची वीज गेलेली, त्यामुळे राउटर बंद. पाणी ओसरल्यावर एका मावशींनी विचारलं, "लाइट गेली तरी आमचा जुना फोन वाजायचा. तुमचा का बंद पडला?" जुन्या लँडलाइनला एक्सचेंजच्या बॅटरीतून त्याच तारेवर 48 व्होल्ट यायचे, काचेतून वीज येत नाही. हे मला माहीत होतं, तरी त्याची सोय मी केलेली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक नव्या कनेक्शनला राउटरसाठी छोटी बॅटरी बसवून देतो. तिचे पैसे वेगळे घेत नाही.